पत्र्याचे सहा आठवडे

म्हातारं कुत्रं मागच्या पायांनी लुळं पडलं की येणारा-जाणारा एकच विचारतो, "आता काय करणार?" विचारण्याचा सूर असा, की उत्तर त्यानं मनात ठरवलेलंच असतं. आमचा पत्र्या पडला तेव्हा हा प्रश्न मी सहा आठवडे रोज ऐकला. आज कुणाच्या तरी घरात असंच एखादं कुत्रं चादरीवर पडलेलं असेल, त्या घरासाठी हे लिहिते. डॉक्टरकी मला कळत नाही. काय झालं तेवढं सांगते, आणि माझं जे चुकलं तेही सांगते.

पत्र्या हे नाव माझ्या आईनं ठेवलं. भूकंपात औशाकडचं आमचं माहेरचं गाव पडलं, वडील गेले, आणि आई पुढची दोन-अडीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. शेडमागं एक कुत्री व्याली होती. बाकीची पिल्लं कुणी कुणी नेली, हे एक उरलं. मी भेटायला गेले तर आई म्हणाली, "घिऊन जा गं ह्याला बिलोलीला. पत्रा तापला की ह्यो घागरीला चिकटून बसतोय." माझ्या नवऱ्यानं त्याला टॉवेलात गुंडाळून एसटीतून घरी आणलं.

बिलोलीच्या घरात पत्र्या दाराआड कधीच राहिला नाही. अंगणात, ओसरीवर, फाटकाशी, कुठंही. दार लावलं की खरवडायला लागायचा. आईचंही तसंच होतं. शेवटपर्यंत ती पक्क्या छताखाली झोपली नाही. ती गेल्यावर तिच्याकडून आलेलं जिवंत असं माझ्याजवळ हे कुत्रंच उरलं.

आमची मुलगी पल्लवी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि आम्ही लातूरला खोली घेतली. त्या दिवसांत आमच्या भागात ज्याच्या लेकराला बरे मार्क पडतील त्यानं मेडिकलसाठी लातूर गाठायचं, हे ठरलेलंच होतं. मी शिकवत होते त्या शाळेतून बिनपगारी रजा घेतली. हे पंचायत समितीत नोकरीला, म्हणून बिलोलीतच राहिले. पत्र्याही त्यांच्याजवळ राहायचा होता. पण आम्ही निघाल्यावर त्यानं आठ दिवस भाकरीला तोंड लावलं नाही, तेव्हा हे त्याला आणून सोडून गेले. पहिल्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. मालकीणबाईंनी अट घातली, "ठेवा, पण भुंकलेलं चालणार न्हाई. वरखाली सगळी लेकरं अभ्यास करायलेत."

आम्ही खोलीचं दार उघडंच ठेवायचो आणि पत्र्यानं ती अट दीड वर्ष पाळली. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

सातवी पायरी

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. सकाळी त्याला फिरवून आणत होते. जिन्याच्या सातव्या पायरीवर तो एकदा केकाटला आणि बसला. मला वाटलं, घसरला. उचलायला गेले तर पुढचे पाय माझ्या हाताला धरून होते आणि मागचे दोन्ही ओल्या कपड्यासारखे लोंबत होते. कसाबसा वर आणला. खाली ठेवेपर्यंत माझी साडी भिजली होती. त्याला लघवी झाली होती आणि झालेली कळलीही नव्हती.

"पत्र्या, ऊठ," मी म्हणाले. तो पुढच्या पायांवर उठला. मागचं अंग फरशीवर तसंच राहिलं. त्यानं वळून त्याकडं पाहिलं, कुणी दुसरंच मागं येऊन बसल्यासारखं.

रिक्षात घालून दवाखान्यात नेला. ते जनावरांचे डॉक्टर, दारात म्हशी आणि गाई, कुत्रं एवढं आमचंच. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी पाठीवरून बोटं फिरवली, मग लोखंडी चिमटा हातात घेतला आणि त्यानं मागच्या पायाचं बोट जोरात दाबलं. पत्र्या मान वळवून ओरडला. मी त्यांचा हात धरला.

"ताई, सोडा. ओरडला ते बरं झालं," ते म्हणाले. "बोटाचं दुखणं मेंदूपर्यंत पोचायलंय. मणक्यातली गादी सरकलीय, नस दाबली गेलीय. पण तुटली नाही."

पाठीचा एक्स-रे फोटो काढायला उदगीरला जावं लागलं. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये तो माझ्या मांडीवर आडवा होता. शेजारचे एक आजोबा उतरताना म्हणाले, "म्हातारं झालंय बाई. सोडा आता."

दुसऱ्या दिवशी फोटो बघून डॉक्टरांनी सांगितलं ते असं. ऑपरेशन इकडं होत नाही. पुण्या-मुंबईला नेलं तरी या वयात भरवसा नाही. सुया आणि गोळ्या देतो. खरा इलाज एकच, सहा आठवडे त्याला हलू द्यायचं नाही. जेमतेम कूस बदलता येईल एवढ्या जागेत ठेवायचा. दर तीन-चार तासांनी कूस आपण बदलायची. लघवी दिवसातून चार वेळा पोट दाबून काढायची, कारण त्याला आपली आपण होणार नाही.

"आणि बरा होईल?"

"होईलही. न्हाई झाला तर सहा आठवड्यांनी बोलू."

खोका

पलंग भिंतीपासून ओढला, एका बाजूला लोखंडी पेटी लावली, दुसऱ्या बाजूला पल्लवीचं अभ्यासाचं टेबल आडवं टाकलं. मधे उरलेल्या खोक्याएवढ्या जागेत गोधड्या अंथरल्या आणि त्यात पत्र्याला ठेवला. ज्यानं आयुष्यात लावलेलं दार सहन केलं नाही, त्याला मी चारी बाजूंनी कोंडलं.

पहिले चार दिवस त्यानं टेबलाची कड कुरतडली. पुढचे पाय पेटीवर ठेवून अंग वर ओढायचा, मी खाली दाबायची. तो ओरडत नव्हता, नुसता धापा टाकत माझ्याकडं बघायचा. पाचव्या दिवशी त्यानं प्रयत्न सोडला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. डॉक्टरांना हेच हवं होतं. मला मात्र ते बघवत नव्हतं.

पोट दाबून लघवी काढणं हे सांगायला दोन शब्दांचं काम आहे. पहिल्या दिवशी मला अर्धा तास लागला. कुठं दाबायचं कळेना, जोर जास्त झाला तर फुटेल ही भीती. पल्लवी शेजारी बसून म्हणाली, "आई, थोडं मागं. तिथं लिंबाएवढं लागतंय बघ." तिची बोटं माझ्यापेक्षा शांत होती. तिनं दाबलं आणि धार आली. आम्ही दोघी इतक्या मोठ्यानं हसलो की शेजारच्या खोलीतल्या मुलीनं दार वाजवलं.

हसू तेवढंच. सकाळी सहाला, दुपारी, संध्याकाळी, झोपण्याआधी. मधे कूस बदलणं, पुसणं, पावडर लावणं, गोधड्या धुणं. मी खोलीबाहेर पडायचे ती भाजी आणायला, तीही धावत. खिडकीतून क्लास सुटल्यावर सायकलींचा लोंढा दिसायचा. त्यातलं प्रत्येक लेकरू कुठंतरी निघालेलं होतं. मला वाटायचं, या गावात न हलणारे आम्ही दोघंच, मी आणि हा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. दुसऱ्या आठवड्यात मी मनातल्या मनात म्हणाले, हा जावा. त्याच्या हालांसाठी नाही, मला सुटायचं होतं म्हणून. मग उठून त्याला पाणी पाजलं. असं वाटलं म्हणून तुम्ही वाईट होत नाही. थकलेल्या माणसाला असं वाटतं.

रविवारी हे यायचे. खोक्याजवळ बसून त्याच्या कानामागं खाजवायचे आणि माझ्याशी भांडायचे.

"तू आरशात बघितलंस का? लेकीची बारावी तोंडावर आली आन् तू कुत्र्याचं मूत काढत बसलीस."

"मग काय करू?"

"डॉक्टरला एक सुई मारायला सांग. शांत जाईल. वय झालंय त्याचं."

"आईनं दिलाय तो."

"आई असती तर तिनं पण हेच म्हणलं असतं," हे म्हणाले. ते खरंही असेल. म्हणूनच मला जास्त राग आला.

पेपरांचा गठ्ठा

गोधड्या वाळत नव्हत्या, म्हणून पत्र्याखाली कागद अंथरू लागले. क्लासच्या टेस्टचे पेपर घरात ढिगानं. पल्लवीच म्हणाली, "जुने घे की, आई. त्या कोपऱ्यातले सगळे खराब झाले तरी चालतात."

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी कागद बदलताना माझी नजर एका पेपरावरच्या लाल आकड्यावर गेली. मी दुसरा उलटला. तिसरा. फिजिक्स, केमिस्ट्री, पुन्हा फिजिक्स. दिवाळीपासूनचे. ती मला जे मार्क सांगत होती ते हे नव्हते. यातले काही अगोदरच ओले होऊन कचऱ्यात गेले होते. तिनं ते मुद्दाम या गठ्ठ्यात सरकवले होते, म्हणजे माझ्याच हातानं नाहीसे व्हावेत.

ती क्लासहून आली तेव्हा मी ते पलंगावर मांडून बसले होते.

"हे काय हाय?"

तिनं दप्तर खाली ठेवलं नाही. "मला तिथं काहीच कळंना, आई. दिवाळीपासून. सर फळ्यावर लिहितात, सगळे उतरवतात, मी पण उतरवते. कळत न्हाई."

"मग सांगायचं न्हाई?"

"कसं सांगू? तू बिनपगारी रजा काढून आलीस. पप्पा तिकडं हातानं करून खायलेत."

इथं मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हणाले, "मग दीड वर्ष मी इथं कशाला सडायले?"

"मी म्हणले होते का ये म्हणून?" ती ओरडली. "मला यायचंच नव्हतं. कुणी विचारलंच न्हाई. रिझल्ट लागला आन् खोली बघितली तुम्ही."

ती म्हणत होती ते खरं होतं. ती टेबलाकडं गेली, पण टेबल आडवं पडलेलं. तिला बसायला जागा नव्हती. मग ती खोक्यात उतरली आणि पत्र्याच्या पाठीशी टेकून, गुडघ्यांत डोकं घालून बसली. तो इतके दिवस भिंतीकडं तोंड करून पडलेला, त्यानं मान वळवली आणि तिच्या घोट्यावर हनुवटी ठेवली.

मी चहा केला. तिच्यासमोर कप ठेवून म्हणाले, "परीक्षा दे. जे पडतील ते पडू दे. पुन्हा एक वर्ष इथं काढायचं न्हाई. पप्पांना मी सांगते."

"खरंच?"

"हाव."

तिनं कप उचलला नाही. रडत राहिली, पण त्या रडण्याचा आवाज वेगळा होता. मीही खोक्याच्या बाहेर बसून रडले. चहा तसाच गार झाला.

सुई

चौथ्या आठवड्यात सगळं बिघडलं. पत्र्याच्या कमरेच्या हाडावर जखम झाली. कूस बदलायला मी दोन दिवस आळस केला होता, हे इथं लिहून ठेवते. लघवी गढूळ येऊ लागली, अंग तापलं. त्यानं खाणं सोडलं. दूध-भाकरी, अंडं, काही नको. तिसऱ्या दिवशी तर चमच्यानं घातलेलं पाणीही तोंडाच्या कडेनं सांडू लागलं.

मी एसटीडी बूथवरून यांना फोन केला. "या. बघून घ्या त्याला."

जो माणूस महिनाभर सुई सुई करत होता, त्यानं ऐकल्याबरोबर रात्रीची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आले. डॉक्टरांना मी घरीच बोलावलं होतं, सांगूनच की आता त्याला सोडवा. ते बॅग घेऊन वर आले. पल्लवी क्लासला गेली नाही. मालकीणबाईही दारात येऊन उभ्या राहिल्या.

हे खोक्यात उतरले, पत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. "पत्र्या, ए पत्र्या. बिलोलीला चलायचं का रे?"

पत्र्यानं डोळे उघडले. शेपटीचं टोक हललं. फार नाही, कागदावर दोनदा खरखर वाजलं एवढंच. गेल्या चार आठवड्यांत ती शेपटी कधी हलली नव्हती.

डॉक्टरांनी बॅग उघडली होती. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली आणि तो पहिल्या दिवशीचा चिमटा बॅगेतून बाहेर काढला. मागच्या पायाचं बोट दाबलं. पत्र्या गुरगुरला, आणि पाय मागं घेतला. हळूहळू, दोन बोटांएवढा, पण घेतला. डॉक्टरांनी दुसरा पाय दाबला. तो नाही हलला. पुन्हा पहिला दाबला. पुन्हा घेतला.

"ताप कशाचा हाय ते कळलंय मला. जखमेचा आन् लघवीचा. त्याला औषध हाय," ते म्हणाले. "पाठीचं सुधारायलंय."

"साहेब, मी ह्याला निरोप द्यायला आलो होतो," हे म्हणाले.

"मग द्या की. उद्या तुम्ही बिलोलीच्या गाडीत बसताना द्या."

कुणी हसलं नाही. हे मान खाली घालून पत्र्याच्या कानामागं खाजवत राहिले. त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला सलाईन लावली. बाटली खिडकीच्या गजाला टांगली आणि दुपारपर्यंत नळी धरून पल्लवी बसली. संध्याकाळी त्यानं यांच्या बोटावरची दुधाची साय चाटली.

पोती

बरं होणं हे सिनेमातल्यासारखं नसतं. जखम भरायला पुढचे तीन आठवडे गेले. पाचव्या आठवड्यात पत्र्या कूस आपली आपण बदलू लागला. मग एका सकाळी पोट दाबायला बसले तर कागद आधीच ओला होता आणि त्यानं अंग सरकवून कोरड्या बाजूला घेतलं होतं. मी तो ओला कागद हातात घेऊन पल्लवीला दाखवायला धावले. आजारपणात आनंद कशाचा होईल ते सांगता येत नाही.

सहावा आठवडा संपल्यावर डॉक्टरांनी उभं करायला सांगितलं. कमरेखालून चादर घालून आम्ही दोघी दोन टोकं धरायचो. पाय जमिनीला लागायचे आणि फरशीवर दोन दिशांना पसरायचे. एकदा, दोनदा, वीसदा. तो दमला की बसायचा, जीभ काढून श्वास घ्यायचा आणि स्वतःहून पुन्हा पुढचे पाय रोवायचा. त्याला कुणी बारावीला बसवलं नव्हतं. त्याला फक्त उठायचं होतं.

मालकीणबाईंचे यजमान दाल मिलमध्ये कामाला होते. ते एका संध्याकाळी काही न बोलता रिकाम्या पोत्यांचा गठ्ठा दारात ठेवून गेले. "फरशीवर अंथरा म्हणलेत," मालकीणबाई म्हणाल्या. "पाय धरतील." पोत्यांना तुरीच्या डाळीचा वास होता. पाय धरले. तिसऱ्या दिवशी मी चादर ढिली सोडली आणि पत्र्या चार पायांवर उभा राहिला. मागचं अंग डुलत होतं, डावा पाय उलटा पडलेला; मी दोन मोजायच्या आत तो बसला. पण उभा राहिला होता.

त्याच आठवड्यात पल्लवीची परीक्षा सुरू झाली. पहिल्या पेपराला ती चपला घालत असताना पत्र्यानं खोक्यातून तोंड वर काढलं आणि भुंकला. दीड वर्षात पहिल्यांदा. खणखणीत, तीनदा.

मालकीणबाई धडाधड जिना चढून आल्या. "पल्लवीची आई! काय ठरलं होतं आपलं? लेकरांचे पेपर हायेत!"

मी "चुकलं, मावशी" म्हणाले, पण तोंडावरचं हसू काही आवरेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, खोक्याकडं पाहिलं. "आवाज आला म्हणायचा त्याला," म्हणाल्या आणि उतरून गेल्या. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भुंकला तेव्हा त्या पुन्हा चिडून वर आल्या. तेही बरोबरच होतं. घर त्यांचं होतं.

बिलोली

पल्लवीला मेडिकल मिळालं नाही. मिळणार नाही हे आम्हा तिघांना माहीत होतं, तरी रिझल्टच्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले. तिनं नांदेडला बीएस्सीला नाव घातलं. आज ती काय करते हा इथला विषय नाही. ती खूश आहे, एवढं पुरे.

रिझल्टच्या आधीच, मे महिन्यात, आम्ही टेम्पोत सामान घालून लातूर सोडलं होतं. पत्र्या पोत्यांच्या घडीवर, माझ्या पायाशी. चालायला लागला होता, पण वाकडा. मागचं अंग एका बाजूला ओढत जायचं, वळताना तोल जायचा. जिना त्याला कायमचा बंद. तो पुढं दोन वर्षं आणि थोडं जगला आणि एका उन्हाळ्यात म्हातारपणानं गेला, ओसरीवर. ते वेगळं दुःख होतं, त्यात पश्चात्ताप नव्हता.

तुमचं कुत्रं उठेलच असं मी सांगू शकत नाही. चिमटा लावल्यावर ओरडलं नाही, तर कदाचित उठणार नाही, आणि मग सुई देण्यात दया आहे. त्यासाठी कुणी स्वतःला खाऊ नये. ओरडलं, तर त्याला वेळ द्या. घरात दुसरं माणूस मदतीला घ्या. एकट्यानं करू नका. मी एकटीनं करायला गेले तिथंच जखम झाली.

बिलोलीला पोचल्यावर चार-पाच दिवसांनी सकाळी मी त्याला पहिल्यांदा फाटकाबाहेर सोडला. समोर विजेचा खांब होता. त्यानं तो हुंगला, बराच वेळ हुंगला. आजारपणापासून तो कुत्रीसारखा खाली बसूनच लघवी करत होता. त्या सकाळी त्यानं उजवा पाय वर उचलला. डाव्यानं भार पेलला नाही आणि तो धप्पकन मातीत पडला. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी हसलं. मी धावले नाही, दोन्ही हात फाटकाला धरून उभी राहिले. पत्र्या धडपडत उठला, अंगावरची माती झटकली, इकडंतिकडं पाहिलं आणि वाकडा वाकडा चालत पुढच्या खांबाकडं निघाला.